चाप हलका झाला म्हणून मी खूश होतो



ज्वारी चिकात आली की फोन वाढतात. यंदा तीन जणांनी एकच प्रश्न विचारला. राखणीला एअरगन घ्यायची आहे, तर स्प्रिंगची साधी घ्यावी का ती नवीन इलेक्ट्रॉनिक? जास्त टिकाऊ कुठली, भरवशाची कुठली? तिघांनाही फोनवर अर्धवट उत्तर दिलं. सविस्तर लिहितो म्हणलं, ते आज लिहितोय. उत्तर सरळ नाही, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे जी आजवर इथं लिहिली नव्हती.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्याकडं बहुतेकांच्या घरी जी एअरगन असते ती नळी मोडायची. नळी खाली ओढली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते, दट्ट्या मागं जाऊन एका खाचेत अडकतो. छर्रा घालायचा, नळी बंद करायची. चाप ओढला की खाच सुटते, दट्ट्या पुढं धावतो, पुढची हवा दाबली जाते आणि छर्रा जातो. बॅटरी नाही, सिलिंडर नाही. सगळा जोर आपल्या दंडाचा. हातपंपाच्या फवारणी यंत्रासारखंच समजा.

या बंदुकीचे आजार ठरलेले आहेत. दट्ट्याच्या तोंडाचा वॉशर वाळतो, मग जोर कमी होतो. छर्रा पत्र्याला लागल्याचा आवाज बदलतो, आणि रोज वापरणाऱ्याला तो लगेच कळतो. स्प्रिंग बसते, विशेषतः बंदूक ताणून तशीच रात्रभर ठेवली तर. कुणी शहाणा शिलाई मशीनचं तेल आत सोडतो. मग दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते तेल पेटतं, डिझेल इंजिनात पेटतं तसं. मोठा आवाज येतो, नळीतून धूर येतो, आणि तो म्हणतो बघा ताकद वाढली. पण त्यात स्प्रिंगचं आणि वॉशरचं आयुष्य कमी होत असतं. पण सांगायचा मुद्दा असा की ह्या प्रत्येक आजाराला आवाज आहे, धूर आहे, हाताला लागणारा फरक आहे. आणि वॉशर बदलायला, स्प्रिंग बदलायला तालुक्याला माणूस मिळतो.

इलेक्ट्रॉनिक मी हातात धरलीय, पण शेतात नाही. बहिणीचा मुलगा पुण्यात नेमबाजी शिकतो, त्याच्याबरोबर बालेवाडीच्या रेंजवर गेलो होतो तेव्हा. तिथल्या बंदुका स्प्रिंगच्या नसतातच. नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास हवा आधीच भरलेली असते. तुमच्या गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करा. त्यातल्या बऱ्याच बंदुकांचा चाप मेकॅनिकलच असतो. काहींचा मात्र चाप म्हणजे नुसतं बटण. बोट लागलं की सर्किटमधून झटका जातो आणि झडप उघडते. स्वित्झर्लंडच्या मोरिनी कंपनीचं असं पिस्तूल जगभरच्या स्पर्धांत दिसतं. इंग्लंडच्या डेस्टेट कंपनीनं तर शिकारीच्या एअर रायफलीतही सर्किट घातलंय. सिलिंडरमधला दाब मोजून झडप किती वेळ उघडी ठेवायची ते तेच ठरवतं, म्हणजे पहिला छर्रा आणि विसावा छर्रा सारख्याच वेगानं जावा. दहा मीटरवर रायफलचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बाजरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. तिथं ह्या सारखेपणाला किंमत आहे. भाचा म्हणाला, मामा, चाप कळतच नाही. खरंच कळत नाही.

मग शेतात का नको? माझं आधीचं उत्तर असं असायचं की इलेक्ट्रॉनिक वस्तू सांगून बंद पडत नाही. रेंजवर छप्पर आहे, चार्जर आहे, दुरुस्त करणारा आहे, शेजारच्याची बंदूक मागता येते. माळ्यावर धूळ आहे, पहाटेचं दव आहे, आणि उंदीर आहेत, ज्यांना वायरीचं वेष्टण फार आवडतं. सर्किट गेलं तर तालुक्याचा फिटर नुसता बघत बसतो. बरं, २०० बार हवा भरायची तर त्याचा वेगळा पंप लागतो, आणि एक रबराची रिंग गळली की सिलिंडर रात्रीत रिकामा. एवढं ऐकलं की लोक म्हणायचे, बरोबर आहे, आपली स्प्रिंगचीच बरी.

हे उत्तर मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठासून देत होतो.

दोन वर्षांपूर्वी, ज्वारी अशीच चिकात. मालदांडी, चांगली पुरुषभर उंच. भोरड्यांचे थवे सकाळ-संध्याकाळ. मी माळ्यावर. चार कोपऱ्यांत बांबूवर पत्र्याचे डबे टांगलेले, त्यावर छर्रा मारायचा, ठण्ण आवाज झाला की थवा उठायचा. पाखरू मारायचं नाही हा घरचा नियम. एअरगनचा स्वतःचा आवाज ढेकूळ फुटल्याएवढाच, म्हणून हा डब्याचा उद्योग. छर्रा घातला, नळी बंद केली, आणि चापाला बोटही लागलं नव्हतं तेव्हा बंदूक सुटली. छर्रा खाली ज्वारीत शिरला. एक-दोन ताटं हलली.

आणि त्याच्या पंधरा-वीस पावलं डावीकडं बायजाकाकू उभ्या राहिल्या. हातात विळा, डोक्यावर पदर. बांधाचं गवत कापत कापत ज्वारीत आल्या होत्या. वाकलेलं माणूस त्या उंच ज्वारीत दिसत नाही. मला म्हणाल्या, "काय रं, पाखरू उठलं का?"

उठलं म्हणालो. खरं काय ते सांगायला मला दोन दिवस लागले.

फिटरनं बंदूक उघडली तेव्हा ती खाच दाखवली. जिथं दट्ट्या अडकतो ती धार झिजून गोल झालेली, जुन्या विळ्याच्या दातासारखी. नळी बंद करताना बसलेला हादरा तिला पुरला. फिटरनं विचारलं, चाप हलका झाला नव्हता का? झाला होता. दोन महिने झाला होता. आणि मी खूश होतो! बंदूक हाताला बसली म्हणत होतो. म्हणजे मेकॅनिकल वस्तू आधी सांगते हे मी लोकांना सांगत होतो, आणि तिनं सांगितलं ते मीच उलटं ऐकलं. हीच धार नळी उघडी असताना सुटली असती तर नळी फाडकन वर येऊन माझी बोटं गेली असती. छर्रा घालताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरून ठेवायची सवय कुणाला नसेल तर आजच लावून घ्या.

तेव्हापासून मी प्रश्नच बदलला. कुठलं यंत्र किती वेळा बिघडतं हे बघण्यापेक्षा बिघडल्यावर काय करतं हे आधी बघायचं. झाड तोडताना आपण ते कुठल्या बाजूला पडेल ते आधी बघतो ना, तसं. इलेक्ट्रॉनिक चापाची बॅटरी संपली की बहुतेक वेळा बंदूक मुकी होते. बंदुकीनं मुकं होणं हे आपोआप सुटण्यापेक्षा शंभर पट बरं. माझी स्प्रिंगची पंधरा वर्षं एकदाही मुकी झाली नाही, आणि एकदाच बिघडली ती अशी बिघडली.

पण हाच हिशेब झटका मशीनला लावा, तर उलटा येतो. एअरगन सगळ्यांकडं नाही, झटका मशीन मात्र आता रानोरान आहे, म्हणून हेही लिहितो. गेल्या उन्हाळी हंगामात दीड एकर मक्याला तार होती. मशीनचा दिवा लुकलुकत होता, टक टक चालू होती. मी घरी निवांत झोपलो. सकाळी चार गुंठे मका आडवा, रानडुकरांचा कळप. दिवा तेव्हाही लुकलुकत होताच! मशीन चांगलं होतं, तारेत करंट नव्हता. लांबच्या टोकाला गवत वाढून तारेला टेकलेलं, आणि अर्थिंगचा रॉड कोरड्या मुरमात. जमीन कोरडी असली की झटक्याचा फेरा पूर्ण होत नाही, डुकराला नुसती गुदगुली होते. दिवा एवढंच सांगतो की मशीन झटका सोडतंय. तो तारेच्या शेवटापर्यंत पोचतोय का हे तो सांगत नाही.

तिथं मुकं होणं परवडत नाही. चार गुंठ्यांचं सोडा. एकदा असं झालं की माणसाचा मशीनवरचा विश्वास उडतो, आणि मग कुणीतरी पारावर बसून सांगतं, कशाला ते खेळणं, लाइनवरनं आकडा टाक आणि तारेत सोड. झटका मशीनचा झटका क्षणभराचा असतो आणि मध्ये सेकंदभर विश्रांती असते, म्हणून माणूस हात काढून घेऊ शकतो. लाइनच्या तारेला चिकटलेला सुटत नाही. अशी माणसं मेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. कधी दुसऱ्याच्या रानात पाणी द्यायला निघालेला असतो, कधी ज्यानं आकडा टाकला त्याच्याच घरातला.

म्हणून आता माझ्याकडं टेस्टर आहे आणि तो मशीनजवळ नाही, लांबच्या टोकाच्या खांबावर टांगलेला असतो. रोज संध्याकाळी तिथं चालत जायचं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आणि आठवड्यातनं दोनदा पाणी. तारेखालचं गवत पंधरा दिवसांनी. कृषी विभागातली मंडळी हे वाचत असतील तर एक विनंती. प्रात्यक्षिकात मशीन कसं लावायचं ते तुम्ही छान दाखवता, ते बिघडलंय हे कसं ओळखायचं तेही दाखवा. दहा मिनिटं लागतात.

आता तिघांच्या प्रश्नाचं उत्तर. मुलगा-मुलगी रेंजवर जात असेल तर इलेक्ट्रॉनिक चापाला भिऊ नका. तिथले शिक्षक सांगतील ते घ्या. शेतात राखणीसाठी म्हणून नवीन एअरगन घेऊच नका, दोन्हीपैकी कुठलीच. पोपट, मोर मारणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि भोरड्या ज्वारी खातात तशा टोळ आणि अळ्याही खातात. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपर्यंतची एअरगन बिनपरवाना मिळते म्हणून ती खेळणं होत नाही. त्यापुढच्या ताकदीला तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं परवानाच लागतो. घरात जुनी स्प्रिंगची असेलच, तर ताणून ठेवू नका, आत तेल ओतू नका, आणि चाप हलका लागला तर त्याच दिवशी फिटरकडं न्या. उभ्या ज्वारीत तर नाहीच नाही.

यंदा माळ्यावर मी गोफण घेऊन बसतो. आठ दिवसांत उजवा खांदा धरला, संध्याकाळी बायको तेल लावते आणि हसते. गोफणीची वादी फिरवताना तुटली तर दगड भलतीकडंही जातो, तेवढं सांभाळायचं. डबे अजून टांगलेले आहेत, त्यांना दोरी बांधून माळ्यापर्यंत आणलीय. ओढलं की वाजतात.

बायजाकाकू अजून येतात गवताला. आता येताना बांधावरनंच मोठ्यानं हाक मारतात, "आले रं, बंदूक ठेव खाली!" बंदूक घरी कपाटात आहे हे त्यांना माहीत आहे. मी तरी रोज "ठेवली काकू" म्हणतो.