सलाईनच्या बाटलीतले मीठ

उन्हाळा लागला की पोंभुर्ण्यातल्या माझ्या दवाखान्यात एक वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते. "डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावून द्या जी, अंगात तरानच नाही." म्हणणारा कधी तेंदूपत्ता तोडून आलेला असतो, कधी पहाटेपासून मोहफुले वेचून थकलेली बाई असते, तर कधी दिवसभर गादीवर बसणारा दुकानदारही असतो. दुखणे प्रत्येकाचे वेगळे, मागणी मात्र एकच. बाटली टांगली आणि थेंब थेंब पाणी नळीतून उतरताना दिसले, की रोग्याला अर्धे बरे वाटते. खरे सांगायचे तर डॉक्टरलाही चार पैसे सुटतात.

या बाटलीविषयी लिहायचे कारण म्हणजे तिच्याशी माझाही एक जुना हिशेब आहे. वीस-बावीस वर्षे झाली असतील. मे महिना, दवाखान्यात गर्दी. पन्नाशी उलटलेले एक काकाजी आले. चक्कर येते, डोके जड वाटते, हातपाय गळाले, असे सांगू लागले. जंगलातून आलेले, घामाने निथळलेले. मी मनाशी म्हटले, ऊन लागले. सोबतच्या मुलानेही सलाईन लावायलाच सांगितले. मी लावली. रक्तदाब मोजला नाही. गर्दी होती, हे माझे त्या वेळचे कारण. काकाजी हसत घरी गेले. आठ दिवसांनी त्यांना बैलबंडीत घालून आणले तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. तेव्हा मी पट्टा बांधला. वरचा आकडा २२० होता.

सलाईनमुळे लकवा झाला असे मी म्हणत नाही. दाब बहुधा कित्येक वर्षांपासून चढलेला असणार. पण तो सापडण्याची एक संधी माझ्या हाती आली होती, आणि मी ती एका बाटलीच्या बदल्यात घालवली.

आता त्या बाटलीत असते काय, ते पाहू. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. यापेक्षा वेगळे त्यात काहीही नाही, ना ताकद, ना रक्त. गोड सलाईन असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एका बाटलीत जवळपास पूर्ण दिवसाचे मीठ आले, आणि तेही जेवणातल्या मिठाच्या वर.

हे जास्तीचे मीठ शरीर काय करते? आपली दोन मूत्रपिंडे म्हणजे मिठाचा हिशेब ठेवणारे मुनीम आहेत. ती रोज रक्तातून सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. या पाण्याबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ गाळले जाते. त्यातले बहुतेक सगळे ती रक्तात परत घेतात आणि जेवढे जास्तीचे असेल तेवढेच लघवीवाटे सोडतात. मीठ जिथे जाते तिथे पाणी धरून ठेवते. म्हणून मीठ वाढले की रक्ताचे आकारमान वाढते, आणि नळात पाणी वाढल्यावर व्हावे तसा रक्तवाहिन्यांतला दाबही चढतो. निरोगी मूत्रपिंडे हे जास्तीचे मीठ काही दिवसांत बाहेर काढतात आणि हिशेब पुन्हा जुळतो.

दाब सांभाळण्यासाठी शरीरात दोन व्यवस्था आहेत, एक झटपट आणि एक सावकाश. रोवणीत वाकलेली बाई एकदम उभी राहते तेव्हा रक्त पायांकडे उतरते. मानेतल्या धमन्यांत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब ओळखणारे मज्जातंतू आहेत. ते लगेच मेंदूला खबर देतात, हृदय जोराने चालते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि काही क्षणांत दाब सावरतो. ही झाली झटपट व्यवस्था.

सावकाश व्यवस्था मिठाची आहे. दाब किंवा मीठ कमी झाले की मूत्रपिंडे रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडतात. स्टॉकहोममधल्या टायगरस्टेट आणि बर्गमन या दोघांनी तो १८९८ मध्ये शोधला. रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन तयार होते. ते रक्तवाहिन्या आवळते आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. अल्डोस्टेरॉनचा हुकूम एकच, मीठ सोडू नका. हा हुकूम घामाच्या ग्रंथींनाही लागू होतो. म्हणूनच उन्हात दहा-पंधरा दिवस राबल्यावर मजुराच्या घामातले मीठ कमी होत जाते. तेंदूच्या हंगामात पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात, त्याचे एक कारण हेच आहे. उलट, मीठ जास्त झाले की ते बाहेर टाकायला लावणारा एक पदार्थ खुद्द हृदयच बनवते, हे १९८१ मध्ये कॅनडातल्या डी बोल्ड यांनी दाखवून दिले. आज बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारख्या गोळ्या या साखळीचीच एखादी कडी अडवतात.

तुम्ही म्हणाल, एवढी चोख व्यवस्था असताना बीपी वाढतेच कसे? ही व्यवस्था मुख्यतः टंचाईसाठी घडलेली आहे. मीठ वाचवण्यात ती फार हुशार आहे, उधळपट्टी निस्तरण्यात तेवढी नाही. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक जवळपास मीठ खातच नाहीत. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२ देशांच्या पाहणीत त्यांचा दाब सरासरी ९५/६१ च्या आसपास निघाला, आणि तो वयाबरोबर वाढतही नव्हता. आपल्याकडेही मीठ एके काळी दुर्मीळच होते. समुद्र कुठे आणि गोंडवनाचे जंगल कुठे! बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून ते यायचे. शेजारच्या बस्तरमध्ये आदिवासी चारोळी देऊन मीठ घेत, हे आजही सांगितले जाते. आता मिठाची पिशवी हा दुकानातला सर्वांत स्वस्त माल झाला आहे. सुकी मासळी, लोणचे, पापड, शेव-चिवडा, वर भातावर भुरभुरलेले कच्चे मीठ. यंत्र टंचाईचे आणि ताट सुकाळाचे, अशी गत झाली आहे.

वय वाढले किंवा घरात बीपीचा वारसा असला की काहींच्या मूत्रपिंडांना जास्तीचे मीठ बाहेर ढकलायला जास्त दाब लागतो. मग शरीर तो दाब चढवून ठेवते. यातली खरी फसगत पुढेच आहे. मानेतले ते पहारेकरी काही दिवस चढत्या दाबाची तक्रार करतात, आणि नंतर त्या चढलेल्या दाबालाच नेहमीचा दाब समजू लागतात. तक्रार बंद होते. म्हणून १८० दाबाचा माणूस झाडावर चढतो, नांगर धरतो आणि म्हणतो, "मले काही होत नाही." तो खोटे बोलत नाही. त्याच्या शरीरालाच ठाऊक नसते.

हे फक्त शहरी दुखणे आहे, असा गैरसमज वैनगंगेच्या पलीकडच्या एका अभ्यासाने मोडून काढला. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. योगेश कळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झालेले निघाले. म्हणजे सातातला एक. मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. त्यांतले ८७ टक्के लोक घरीच गेले. तीच जंगले, तोच भात, तीच माणसे. नदीच्या अलीकडे काही निराळे असेल असे मानायला मला कारण दिसत नाही.

यावर माझे मत सरळ आहे. रक्तदाब मोजल्याशिवाय आमच्या भागात कोणत्याही प्रौढ माणसाला सलाईन लागता कामा नये. उलट्या-जुलाबाने कोरडा पडलेला, शुद्ध हरपत चाललेला किंवा तोंडाने काहीच घेऊ न शकणारा रोगी असेल, तर सलाईन जीव वाचवते आणि ती लावायलाच हवी. पण तिथेही पट्टा बांधायला अर्धा मिनिट लागतो. नुसत्या थकव्यासाठी सलाईन लावणे ही फसवणूक आहे. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्याला तर ते पाणी फुप्फुसात भरून जिवावर बेतू शकते.

तोंडाने घेतलेले पाणी हलके असते, हा समजही सोडा. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपली. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. ते मिळालेल्या रोग्यांतले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. उन्हात काम करून खूप घाम गेला असेल तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ही मात्रा घाम गाळणाऱ्यासाठी आणि जुलाब झालेल्यासाठी आहे. पंख्याखाली बसणाऱ्याने 'उन्हाळा आहे' म्हणून मीठपाणी प्यायची गरज नाही. साधे पाणी पुरे.

बीपीच्या रोग्यांना आणखी दोन गोष्टी सांगतो. उन्हाळ्यात दाब थोडा उतरतो, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी मीठ-पाणी आणखी कमी होऊ शकते. चक्कर आली तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि सलाईनही मागू नका. दाब मोजा. उतरला असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतील, चढला असेल तर वाढवतील. चक्कर दोन्हीत येऊ शकते, मोजल्याशिवाय कोणालाच कळत नाही. दुसरे मिठाचे. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या प्रयोगात साध्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेले मीठ दिल्यावर लकवा १४ टक्क्यांनी कमी झाला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. असे मीठ मूत्रपिंडाच्या रोग्यांना अपायकारक ठरू शकते, आणि काही बीपीच्या गोळ्यांबरोबर चालत नाही. म्हणून विचारूनच घ्या. वरून मीठ न घेणे मात्र सर्वांना जमण्यासारखे आणि फुकटचे आहे.

तेंदूच्या ठेकेदारांनी आणि ग्रामपंचायतींनीही थोडे मनावर घ्यावे. हंगाम सुरू होताना संकलन केंद्रावर एक दिवस आरोग्यसेविका आणि बीपीचे यंत्र आणून बसवले, तर शे-दोनशे माणसांचा दाब दुपारपर्यंत मोजून होईल. आठवडी बाजारातही हे जमेल. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी फुकट मोजतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी तिथे जाऊन यावे.

ते काकाजी पुढे चार वर्षे खाटेवर होते. मी त्यांच्या घरी जात असे. बोलता येत नसे, पण मला पाहिले की डावा हात उचलत. त्या हाताकडे बघणे मला जड जाई.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कोणत्याही दवाखान्यात गेलात तर 'सलाईन लावा' म्हणण्याआधी 'बीपी मोजा' म्हणा. डॉक्टर गर्दीत विसरला तर त्याला आठवण करून द्या. मी विसरलो तर मलाही.