घर कोंबडीचें, पैसा घरधनिणीचा



बैलास गोठा लागतो, दाण्यास कणगी लागते, हें कोणास सांगावें लागत नाहीं. पण जी कोंबडी सालभर मीठमिरचीचा पैसा देते, तिला रात्रीं डालग्याखालीं कोंबावें किंवा झाडावर सोडावें, ही बहुतेक घरांची रीत. मग मुंगुसानें नेली कीं नशिबाला बोल! हा दोष नशिबाचा नव्हे, खुराडें नसल्याचा आहे.

दहा कोंबड्यांस ५ फूट लांब व ४ फूट रुंद खुराडें पुरे. लांबी पूर्वपश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन थेट आंत येत नाहीं. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावा. बाजू निम्म्या बंद, निम्म्या बारीक जाळीच्या; वारा खेळतो, मुंगूस शिरत नाहीं. कोंबडी रात्रीं उंचावर बसणारी. दर कोंबडीस वीतभर दांडी द्यावी. चार-पांच कोंबड्यांमागें अंधाऱ्या कोपऱ्यांत गवत घातलेली एक पाटी ठेवावी, म्हणजे अंडीं कुंपणांत शोधावीं लागत नाहींत. चौकट गांवच्या सुताराची, पाटी बुरुडाची. पैसा गांवांतच राहतो.

खुराडें मुंगूस थोपवतें, मानमोडीची सांथ थोपवीत नाहीं. तिला लसच पाहिजे. पण लस टोंचावयास कोंबड्या एके ठिकाणीं सांपडाव्या लागतात. तेंहि खुराड्यानेंच साधतें.

आतां मुख्य गोष्ट. गांवठी कोंबडी सालाला सुमारें ६० अंडीं देते. दहांचीं ६०० झालीं. दोन अंड्यांचा पैसा असतो तोंवर तो बायकोचा. पाटीभर अंडीं झालीं कीं धनी स्वतः बाजारांत जातो, आणि पैसा हॉटेलांत व पानपट्टींत मुरतो! दाणे टाकावे तिनें, शेण काढावें तिनें, आणि हिशेब मात्र धन्याचा, हा कोठला न्याय? पोराची वही व म्हातारीचें औषध कोणाच्या गांठीच्या पैशांतून येतें, हें शाळामास्तरास चांगलें ठाऊक असतें. ती गांठ सुटली कीं पहिली वही बंद होते, आणि तीहि बहुधा मुलीची.

म्हणून सुगी उरकल्यावर खुराडें जरूर बांधा. सांजसकाळ त्याची कडी तिच्या हातीं असते. अंड्यांचा पैसाहि तिच्याच हातीं राहूं द्या.