कमी वजनाचं बाळ आणि घरातला मजुरीचा हिशोब

या पानावर मी नेहमी बीजप्रक्रिया, हुमणी, पीकविमा असं लिहितो. आजचा विषय शेतीचा नाही असं वाटेल, पण तो शेतीच्या हंगामाशीच जोडलेला आहे. सोयाबीनची काढणी आली की गावात माणूस मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. नेमक्या त्याच दिवसांत एखाद्या घरी दीड-पावणेदोन किलोचं बाळ दवाखान्यातून येतं आणि पंधरा-वीस दिवसांत त्याची आई विळा घेऊन रानात दिसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "बाळाजवळ म्हातारी आहे की!"

ह्या उत्तराचा आज जरा हिशोब मांडू.

आकडे काय म्हणतात

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. घरातली बाळंतपणं जवळपास संपली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीचे आकडे बघा. राज्यात दर हजार जिवंत जन्मांमागे १६ बालकं वर्षाच्या आत दगावली आणि त्यांतली ११ पहिल्या २८ दिवसांतच गेली. म्हणजे पहिला महिना निभावला की निम्म्याहून जास्त लढाई जिंकली. या महिन्यात सर्वांत जास्त धोका असतो तो दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आणि अडीच किलोच्या आत वजन असलेल्या बाळांना. आणि दवाखान्यातून सुटी झाल्यावर या महिन्यातले बरेच दिवस बाळ घरीच असतं.

घरच्या घरी अशी बाळं वाचवता येतात, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालं आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतल्या साध्या बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्तीमार्फत देशभर नेली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं.

आता सहा भेटी, प्रत्येक भेट तासाभराची धरा. झाले सहा तास. ४२ दिवसांचे तास होतात १,००८. उरलेले १,००२ तास बाळ घरच्यांच्या हाती. सरकारची योजना कितीही चांगली असली तरी एवढे तास तिला भरून काढता येणार नाहीत.

आमच्या घरचा अनुभव

हे मी वाचून सांगत नाही. माझी थोरली मुलगी २०१६ च्या ऑक्टोबरात आठव्या महिन्यातच जन्मली. वजन १,५५० ग्रॅम. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. सुटीच्या वेळी दवाखान्याने हातात इंग्रजी कार्ड दिलं. घरी काय करायचं ते कुणी बसून सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही. घरी काढणी चालू, मी दिवसभर गावोगाव, मजुरांच्या भाकरी पत्नीच्या अंगावर. बाळाला तेल लावून आंघोळ, वर ओव्याची धुरी, सगळं रीतसर सुरू झालं.

चौथ्या दिवशी बाळ सकाळपासून चार तास उठलंच नाही. "आज कसं गुणाचं झोपलंय," असं आम्ही कौतुकाने म्हणत होतो. दुपारी आशाताई आल्या. त्यांनी हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावली, मग तळपायाला. दोन्ही गार. त्यांनी बाळाला लगेच आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वरून गोधडी घातली आणि १०२ ला फोन केला. बाळ पुन्हा सहा दिवस दाखल होतं. आता ती शाळेत जाते. पण आम्ही ज्याला गुण म्हणत होतो ते धोक्याचं लक्षण होतं, हे मी अजून विसरलेलो नाही. दुसऱ्याच्या पिकावरचा रोग बांधावरून ओळखणारा माणूस मी, आणि स्वतःच्या घरात मला ते दिसलं नाही.

काम किती तासांचं?

अशा बाळाच्या अंगात चरबी नसते, म्हणून ऊब टिकत नाही. त्यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. बाळाला फक्त टोपी, मोजे, लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, मान एका बाजूला, नाक मोकळं, आणि वरून कापडाने नीट बांधायचं. याला कांगारू पद्धत म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ही ऊब दिवसाचे किमान ८ तास आणि जमेल तितकी जास्त द्यायला सांगितलं आहे. आई जेवायला, आंघोळीला गेली तर बापाने, आजीने छातीशी धरावं. बापाच्या छातीलाही तेवढीच ऊब असते, यात लाज कसली?

दुसरं काम दुधाचं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसाला १२ वेळा. बाळाला ओढता येत नसेल तर आईचं दूध स्वच्छ वाटीत पिळून चमच्याने पाजायचं. एका वेळेला अर्धा तास धरला तरी सहा तास झाले. वर भांडी उकळणं, दुपटी धुणं. काही कामं एकात एक बसतात हे खरं, तरीही हा एका माणसाचा पुरा रोज आहे, आणि रात्रपाळी वेगळी. म्हणून म्हणतो, "म्हातारी आहे की" या उत्तराने भागत नाही. म्हातारी ऊब देईल, पण दूध कुठून आणेल? आई रानात गेली की चार-सहा पाजण्या चुकतात, आणि अशा बाळाला तेवढं चुकणं पेलत नाही.

तेव्हा काढणीची माणसं ठरवताना या कामाचाही माणूस धरा. सून रानात जाऊन वाचणारा रोज आणि बाळ परत दाखल झाल्यावर दोघातिघांचे बुडणारे दिवस, हे दोन्ही एका कागदावर लिहून बघा. काय परवडतं ते कळेल.

हे टाळा, हे पाळा

बाळ २ किलोचं होईपर्यंत आंघोळ नको, कोमट ओल्या फडक्याने पुसून घ्या. खोलीत धुरी, शेगडी नको. नाळेवर हळद, राख, तेल काही लावू नका. मध, गुटी, वरचं पाणी, बाटली नको. बारशाची गर्दी महिना-दोन महिने पुढे गेली तर काही बिघडत नाही. बाळाला घेणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत, मग तो पाहुणा कितीही मानाचा असो. दर आठवड्याला वजन करा. जन्मवेळचं वजन भरून आल्यावर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. वजन कमी म्हणून लस पुढे ढकलू नका, ती जन्मतारखेप्रमाणेच द्यायची.

एक तपासणी बऱ्याच जणांना माहीत नसते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासून घ्यावा लागतो. वेळ गेली तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. सुटी घेतानाच तारीख विचारून घ्या.

बाळ दूध ओढेना, रडणं क्षीण झालं, अंग सैल पडलं, पोट आणि पाय दोन्ही गार लागले किंवा ताप आला, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास मोजले गेले, छाती आत ओढली जाऊ लागली, झटका आला, पोट फुगलं, नाळेला पू आला किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर यातलं एकही लक्षण पुरे आहे. सकाळची वाट बघू नका. बाळ छातीशी धरूनच १०२ किंवा १०८ ने निघा. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय वर्षभरापर्यंत मोफत आहे.

सरपंच, ग्रामसेवकांना विनंती

आपल्या गावात आत्ता कमी वजनाची किती बाळं आहेत, हे ग्रामपंचायतीत कुणाला विचारलं तर सांगता येईल का? आशाताई आणि अंगणवाडीताईंकडे यादी असते. मासिक सभेत ती एकदा वाचून घ्या. आशाताईंचा वजनकाटा आणि थर्मामीटर चालू आहे का, एवढं विचारा. गावच्या आरोग्य समितीला अबंधित निधी मिळतो, आणि ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. काटा बिघडला तर त्यासाठी वरून आदेश यायची वाट कशाला बघायची? रात्री गाडी येईना तर गावातली कुणाची जीप निघेल, हेही आधीच ठरवून ठेवा.

आणि ज्या घरी असं बाळ आहे तिथली आई काढणीला आलेली दिसली, तर तिला रोजावर घेऊ नका. तिच्या नवऱ्याला एक दिवस जास्तीचं काम द्या, आणि तिला घरी पाठवा.