सरकी वाढवली, तरी फॅट का उतरली?

मालेगाव, येवला, नांदगावकडे कापूस पिकतो, त्यामुळे सरकी आपल्या जिल्ह्याला नवी नाही. इगतपुरी-सुरगाण्याकडची डांगी गाय पावसात राबणारी, दूध बेताचे. आता दारोदार संकरित गाई आल्या. त्यांचे नुसत्या कडब्यावर भागत नाही, पेंड हवीच. माझी तक्रार पेंडीविषयी नाही, मापाविषयी आहे.

डेअरीत गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट धरून ठरतो. फॅट उतरली की घरची मंडळी म्हणतात, "सरकीत तेल असतं, घाला अजून पाटीभर!" हिशेब सरळ वाटतो. पण गाय म्हणजे तेलाचा घाणा नव्हे.

गाईच्या पोटाला चार कप्पे. सर्वांत मोठ्या कप्प्यात कोट्यवधी जंतू राहतात. ते कडबा, गवत आंबवून आम्ल तयार करतात, आणि दुधातली बरीचशी फॅट कासेत त्याच आम्लापासून बनते. म्हणजे फॅटचे मूळ चाऱ्यात, बरं का! तेल फार झाले की चाऱ्यावर त्याचा थर बसतो, जंतूंनाही ते बाधते, चारा पचत नाही. गाय खाणे कमी करते आणि फॅट वर जायच्या ऐवजी खाली येते. सरकीचे पैसे गेले ते वेगळेच.

२ किलो सरकीत सुमारे ४०० ग्रॅम तेल असते. मोठ्या दुभत्या गाईला दिवसाला एवढे पुष्कळ झाले. अख्ख्या सरकीतले तेल रवंथ करताना हळूहळू सुटते, म्हणून ती सोसते. मोकळे तेल मात्र पाजू नये. लहान वासराला तर सरकी नकोच. तिच्यातले गॉसिपॉल नावाचे विष मोठ्या गाईचे पोट निवारते, वासराचे नाही.

आणखी एका गोष्टीवर मी भांडायला तयार आहे. पावसाळ्यात ओल लागलेली भुईमुगाची पेंड "गाईला काय होतंय?" म्हणून घालतात. १९६० साली इंग्लंडात अशीच बुरशीची पेंड खाऊन १ लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा अफ्लाटॉक्सिन हे विष उघडकीला आले. गाय जगते, पण विषाचा अंश दुधात उतरतो आणि दूध उकळूनही जात नाही. ते दूध घरात आधी कोण पितं? तुम्हीच ना! पोते सोडताना कुबट वास आला, हिरवट बुरशी दिसली, तर ती पेंड पुरून टाकायला सांगा. उकिरड्यावर टाकली तर कोंबड्या खातील.