दहा रुपयांची पावती

‘दहा-वीस रुपयांनी आपलं काय जातंय?’ देणगीची फाईल घेऊन सिल्वासात फिरणाऱ्या भुरट्यांचा धंदा आपल्या या एका वाक्यावर चालतो. हजार मागितले तर माणूस चार प्रश्न विचारील. दहा रुपयांसाठी चौकशी करायची त्याला लाज वाटते. मागणारा हे ओळखून असतो. म्हणून तो रक्कम लहान ठेवतो आणि माणसे भरपूर गाठतो.

पगाराच्या आठवड्यात संध्याकाळी किलवणी नाक्यावर किंवा मसाट-पिपरियाच्या कारखान्यांबाहेर उभे राहून पाहावे. शिफ्ट सुटते आणि लॅमिनेट केलेला कागद पुढे येतो. वर नाकात नळ्या घातलेल्या मुलाचा फोटो, बाजूला झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेले इस्पितळाचे पत्र, खाली देणाऱ्यांची यादी. यादीच्या सुरुवातीला ५०१, १००१ असे भारदस्त आकडे, आणि पुष्कळदा ते सगळे एकाच हस्ताक्षरात! कधी गोशाळेचे पावतीपुस्तक असते, कधी मूकबधिरांच्या शाळेचे कार्ड. फोटोतले मूल खरेच आजारी असेलही. पण त्याचा फोटो असा नाक्यानाक्यावर फिरतो आहे, याची त्याच्या आईबापांना कल्पना असेल का?

स्वतःच्या पोटासाठी हात पसरणाऱ्याबद्दल मी बोलत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या नावावर मागत नाही, त्याला द्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. जो दुसऱ्याच्या दुःखाचा मुखत्यार म्हणून येतो, त्याच्याकडे मुखत्यारपत्र मागायलाच हवे.

आपल्या गावाची एक अडचण वेगळी आहे. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र, मध्ये आपण. पावतीवर पत्ता सुरतेचा नाहीतर नाशिकचा, मागणारा वापीहून आलेला, देणारा बिहार-ओडिशातून पोटासाठी इथे आलेला किंवा खानवेलकडचा आदिवासी कामगार. खात्री करायला कोण कुठे जाणार? दोन्ही राज्यांत सार्वजनिक न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते आणि नोंदणी क्रमांकाला साधारणपणे अक्षर व जिल्ह्याची जोड असते. नुसते ‘रजि. नं.’ आणि पुढे चार आकडे छापले असतील, तर कुठल्या कार्यालयाची नोंद, हे तिथल्या तिथे विचारावे. ‘८० जी आहे’, म्हणजे देणगीवर करसवलत आहे, असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर आणखी सोपे. २०२१-२२ पासून अशा संस्थेला देणग्यांचे विवरण आयकर खात्याकडे भरावे लागते आणि देणाऱ्याला प्रमाणपत्र द्यावे लागते. तुमचा पॅन नंबर न विचारता सवलतीचे गाजर दाखवणाऱ्याच्या पावतीने तुमचा एक पैशाचाही कर वाचणार नाही. शिवाय २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ती सवलत मुळातच नाही.

आता देणगीच्या डब्याऐवजी क्यूआर कोड आला. त्यात एक सोय आहे. पैसे पाठवण्याआधी मोबाईलवर खातेदाराचे नाव दिसते. ट्रस्टच्या पावतीवर एखाद्या व्यक्तीचे नाव उमटले की हात आवरावा. आणि नाव जुळले तरी यूपीआय पत्त्याचे अक्षर न् अक्षर पाहावे. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला, त्याचा खरा पत्ता ‘पीएमकेअर्स@एसबीआय’. काही दिवसांतच शेवटचा ‘एस’ गाळलेला बनावट पत्ता पसरला. पंतप्रधानांच्या नावावर जे झाले, ते गल्लीतल्या गोशाळेच्या नावावर होणार नाही असे का मानावे?

‘दानाचा हिशेब मागू नये’ असे काही ज्येष्ठ म्हणतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र पाहण्याची अट घातली आहे, आणि अपात्राला दिलेले दान तामस ठरवले आहे, एवढेच त्यांना नम्रपणे सांगतो. आपल्या मुक्तीचा इतिहासही तेच सांगतो. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली पोर्तुगीजांकडून सोडवण्यासाठी पैसा हवा होता, तेव्हा सुधीर फडक्यांच्या शब्दावर लता मंगेशकर पुण्यात गायल्या आणि निधी उभा राहिला. मागणारा कोण, हे गाणाऱ्या लताबाईंना पक्के ठाऊक होते. त्याच वर्षी २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. वर्गणीच्या पैशाने ज्या गावाचे स्वातंत्र्य आणले, त्या गावात वर्गणीची अशी रया जावी हे मला जिव्हारी लागते.

कारण फसलेला माणूस पुढच्या वेळी खऱ्यालाही हाकलतो. ज्याला द्यायचेच आहे त्याने विनोबा भावे रुग्णालयात जावे, बाहेरच्या औषधांची चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या नातेवाइकाबरोबर दुकानापर्यंत चालावे आणि बिल भरावे. मधला माणूस लागतच नाही.

नगर परिषदेकडे मागणे एवढेच: शहरात निधी गोळा करणाऱ्या प्रत्येकाला तारीख, मुदत आणि संस्थेचे नाव असलेला शिक्क्याचा परवाना द्यावा, आणि परवाना दिलेल्यांची यादी कार्यालयाबाहेर लावावी. कारखान्यांनी आणि सोसायट्यांनी तो पाहिल्याशिवाय कोणाला फाटकात उभे करू नये. गणपतीची पावतीपुस्तके बाहेर पडण्याआधी एवढे झाले तर बरे; आमच्या मंडळांनाही तो परवाना घ्यायला लावावा.

आपला,
एक वाचक, आमली, सिल्वासा