आधी ‘का’ सांगा, मग नियम शिकवा

कपाटात असलेले पण कॅटलॉगमध्ये न सापडणारे पुस्तक वाचकाच्या लेखी नसल्यातच जमा. पुस्तक लेखक लिहितो, प्रकाशक छापतो, ग्रंथपाल विकत घेतो. पण ते नेमक्या वाचकाच्या हाती पडते ते चौथ्याच एका माणसामुळे. पुस्तकाची नोंद करणारा हा तालिकाकार. त्याचा कुठे सत्कार होत नाही, संमेलनाच्या मांडवात त्याला कुणी ओळखत नाही. त्याचे काम चोख झाले तर ते दिसत नाही. बिघडले तर पुस्तकच दिसेनासे होते.

या माणसापुढे गेली काही वर्षे एक नवे प्रकरण उभे आहे. १९७८ साली ‘अँग्लो-अमेरिकन कॅटलॉगिंग रूल्स’ची दुसरी आवृत्ती निघाली. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या पिढ्या तिच्यावरच वाढल्या. २०१० साली तिची जागा घ्यायला ‘रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड अ‍ॅक्सेस’, थोडक्यात आर.डी.ए., ही नवी नियमावली आली. आपल्याकडे अजूनही अनेक ठिकाणी जुन्याच नियमांनी काम चालते. नवे शिकायचे तर कसे, हा खरा प्रश्न आहे.

जुन्या नियमांवर लाकडी खणातल्या पाच इंच बाय तीन इंच कार्डाची छाया होती. जागा थोडी, म्हणून ‘पृष्ठे’चे ‘पृ.’ करायचे, प्रकाशनस्थळ माहीत नसेल तर एक लॅटिन संक्षेप टाकायचा, जो वाचकाला कधीच कळला नाही. आणि लेखक किंवा संपादक तिघांहून अधिक असतील, तर पहिल्याचे नाव लिहून बाकीच्यांना ‘व इतर’मध्ये ढकलायचे. चौघांनी मिळून दहा वर्षे खपून कोश सिद्ध केला, तर त्यातले तिघे कॅटलॉगपुरते गायबच! संगणकाला जागेची अशी टंचाई नाही. म्हणून नवी नियमावली म्हणते : शब्द पूर्ण लिहा, पुस्तकावर आहे तसे उतरवा, नावे हवी तितकी द्या.

तिच्या मुळाशी आणखी एक विचार आहे. ‘श्यामची आई’ म्हणजे नेमके काय? साने गुरुजींच्या मनातून उतरलेली ती एक कृती. मूळ मराठी पाठ आणि इंग्रजी भाषांतर ही त्या कृतीची दोन रूपे. यातल्या एखाद्या रूपाची ठरावीक प्रकाशकाने ठरावीक साली काढलेली आवृत्ती ही तिसरी पायरी, आणि तुमच्या वाचनालयातली, कोपरा दुमडलेली, चहाचा डाग पडलेली प्रत ही चौथी. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट ही वेगळी कृती, पण पहिलीशी नाते सांगणारी. वाचकाला कधी कोणतीही प्रत चालते, कधी भाषांतरच हवे असते. ही नाती नोंदीत उतरली तरच त्याला हवे ते मिळते.

हे समजले की नियम आपोआप अर्थपूर्ण वाटू लागतात. पण शिकवताना नेमके हेच गाळले जाते. दोन दिवसांची कार्यशाळा, पडद्यावर भराभर सरकणारी पाने, कोणत्या रकान्यात काय भरायचे याची यादी, शेवटी प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र. सोमवारी माणूस टेबलाशी बसतो तेव्हा हातात पुस्तक असते आणि डोक्यात गोंधळ.

बँकेत खतावण्या जाऊन संगणक आला आणि मग सगळ्या शाखा एका जाळ्यात जोडल्या गेल्या, तो काळ मी नोकरीत पाहिला आहे. कोणती कळ दाबायची हे सर्वांना शिकवले गेले. एका माणसाला एकच ग्राहक-क्रमांक का द्यायचा, हे फारसे कुणी सांगितले नाही. मग ‘ग. रा. जोशी’, ‘गणेश जोशी’ आणि ‘जोशी गणेश रामचंद्र’ असे एकाच गृहस्थाचे तीन ग्राहक झाले आणि ते निस्तरण्यात पुढची कित्येक वर्षे गेली. यंत्राचा दोष नव्हता. कारण न सांगता शिकवलेला नियम माणूस पहिल्या अडचणीलाच सोडून देतो.

अमेरिकेने या बाबतीत घाई केली नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि तिथली वैद्यक व कृषी विषयांची राष्ट्रीय ग्रंथालये यांनी इतर संस्थांना बरोबर घेऊन २०१० साली नव्या नियमांची रीतसर परीक्षा घेतली. प्रत्यक्ष नोंदी करणाऱ्यांना विचारले. २०११ सालचा निष्कर्ष असा, की जानेवारी २०१३ पूर्वी हे लागू करू नये आणि आधी नियमांची भाषा सोप्या इंग्रजीत पुन्हा लिहावी. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ रोजी बदल केला. जुन्या नोंदी सरसकट मोडल्या नाहीत. शिकणाऱ्याची तक्रार हा त्याचा आळस नसून नियमाची तपासणी असते, हे तिथे मानले गेले.

आपल्यालाही ही परंपरा नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बडोद्याला आणले आणि १९११ साली तिथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. ग्रंथालये उघडायची तर माणसे तयार करावी लागतात, हे त्या राजाला उमगले होते. पुढे रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांतले चौथे. १९३४ साली त्यांनी तालिकेचे स्वतःचे नियमही रचले.

म्हणून प्रशिक्षण मराठी पुस्तकांवर व्हायला हवे. राम गणेश गडकरी नाटककार म्हणून स्वतःच्या नावाने, कवितेत ‘गोविंदाग्रज’, विनोदात ‘बाळकराम’. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच. रोमन लिपीत शिरवाडकरांमधला ‘व’ कुणी एका अक्षराने लिहितो, कुणी दुसऱ्या. ज्ञानदेव म्हणायचे की ज्ञानेश्वर? इंग्रजी उदाहरणांनी भरलेल्या पुस्तकात ही उत्तरे आयती मिळत नाहीत. ती आपल्या तालिकाकारांनी एकत्र बसून, वाद घालून ठरवायची आणि सर्वांनी पाळायची असतात.

काही जण म्हणतील, तालुक्याच्या वाचनालयात वर्गणी थकलेली, छप्पर गळते, तिथे हे कशाला? आक्षेप खरा आहे. आर.डी.ए. वापरायची तर दरवर्षी पैसे मोजावे लागतात, आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचे नवे रूप अधिकृत झाल्याने शिकलेल्यांनाही पुन्हा शिकणे आले. लहान वाचनालयावर हा भार लादूच नये. पण एका ठिकाणी केलेली नोंद आता दहा ठिकाणी उतरवून घेतली जाते. चूकही तशीच दहा ठिकाणी जाते. तेव्हा मोठ्या ग्रंथालयांनी नोंदी नीट कराव्यात आणि लहानांना त्या विनामूल्य द्याव्यात.

आणि शिकण्याचा वेळ कामाच्या वेळेतूनच द्यावा. ‘या महिन्यात किती पुस्तके चढवली?’ हा प्रश्न ते दोन-चार महिने तरी बाजूला ठेवावा, शेजारी जाणते माणूस बसवावे, नोंदी तपासून परत द्याव्यात. नियमावली विकत घेता येते. ती समजून वापरणारा माणूस मात्र घडवावा लागतो, आणि त्याचा खर्च ज्या संस्थेला जड वाटतो, तिने पुस्तकांवर केलेला खर्चही निम्मा वायाच गेला म्हणायचा.