जिंजीचा गड आणि त्याची तळी

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतला जिंजी हा एकटाच महाराष्ट्राबाहेरचा. तेव्हापासून चेन्नईतल्या आम्हा मराठी घरांना फोन येऊ लागले आहेत. पूर्वी पुण्या-मुंबईचे पाहुणे महाबलीपुरम आणि पुदुच्चेरी मागायचे. आता पहिला प्रश्न असतो, "ताई, जिंजी एका दिवसात होते का गं?"

होते. पण बहुतेक जण ती ज्या पद्धतीने उरकतात, ती मला पटत नाही. गाडी थेट पायथ्याशी, राजगिरीची चढण, माथ्यावर घोषणा, फोटो, की परत. वाटेतला सगळा मुलूख काचेआडून मागे पळतो. राजाराम महाराजांची राजधानी इथे इतकी वर्षं तगली ती या मुलखाच्या जोरावर, आणि तोच बघायचा राहून जातो.

चेन्नईहून जिंजी दीडशे किलोमीटरच्या थोडी पुढे. पहाटे पाचच्या आत ताम्बरम मागे टाकलं तर निम्मी लढाई जिंकली. चेंगलपट्टू सोडलं की इमारती विरळ होतात. मदुरांतकमला महामार्गालगत मोठा तलाव आहे. अशा बांध घालून केलेल्या तलावाला इथे एरी म्हणतात. मदुरांतकमच्या देवळातला राम हा एरी राखणारा राम. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका मुसळधार रात्री बांध फुटायच्या बेतात होता, तेव्हा लायोनेल प्लेस या इंग्रज कलेक्टरला धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण बांधावर पहाऱ्याला उभे दिसले, अशी इथली कथा. ती खरी मानावी न मानावी, पण पाण्याच्या बांधावर देवाला राखणीला बसवणारी ही माणसं आहेत, हे गड चढण्याआधी ध्यानात घ्यावं.

तिंडिवनमला महामार्ग सोडून तिरुवण्णामलैच्या दिशेने वळलं की खरं खेडं सुरू होतं. भात, भुईमूग, ऊस, बांधावर ताडाची उंच झाडं. मधूनच ग्रॅनाइटच्या टेकड्या. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांना थर असतात, घडी असते. इथे घराएवढे गोल धोंडे एकावर एक रचल्यासारखे उभे असतात आणि त्यांच्या फटींतून झाडं उगवलेली. पोंगलच्या आगेमागे गेलात तर अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं दिसेल. बायका त्यातून अनवाणी पाय ओढत चालतात. पायाने धान्य वरखाली होतं आणि मागे नांगरटीसारख्या समांतर रेघा उमटत जातात. एका टोकाला पोचलं की वळायचं आणि दोन रेघांच्या मधून परत यायचं. आमच्या गाडीतलं कुणी ना कुणी दर वेळी म्हणतं, रस्ता अडवलाय. मी म्हणते, थांबा, उतरा, बघा.

जिंजीच्या तीन टेकड्या, राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी, यांना एकत्र बांधणारा तट आहे सुमारे तेरा किलोमीटरचा. ऊन तापायच्या आत राजगिरी चढून घ्यावी. माथ्याजवळ खोल घळ आहे, ती पुलावरून ओलांडावी लागते. शत्रू आला की पूल काढून घ्यायचा, अशी सोय. वर गेल्यावर तोफ, रंगनाथाचं देऊळ, कोठारं बघाच. मग तटाशी उभं राहून खाली बघा. पायथ्याला चक्रकुळम, चेट्टीकुळम ही तळी, कल्याण महालाचा मनोरा, धान्याची प्रचंड कोठारं, आणि तटापलीकडे शेतं.

1677 मध्ये शिवाजी महाराजांनी हा गड घेतला आणि त्याची तटबंदी नव्याने भक्कम केली. 1689 च्या नोव्हेंबरात राजाराम महाराज इथे पोचले. पुढच्या वर्षी मोगल सरदार झुल्फिकार खानाने वेढा घातला. गड पडला 1698 च्या सुरुवातीला, आणि त्याआधी महाराज निसटले होते. आपण हे शौर्य म्हणून सांगतो आणि ते शौर्य होतंच. पण वेढा इतका लांबला त्यात पाण्याचा आणि दाण्याचा वाटा मोठा होता. गडात पाणी होतं, कोठारं होती. उलट संताजी-धनाजींनी रसद तोडली तेव्हा उपाशी मरायची वेळ मोगलांच्या छावणीवर आली, आणि 1693 च्या जानेवारीत खानाला वेढा सोडून वांदिवाशला हटावं लागलं. हा इतिहास तटावरून खालच्या शेतांकडे बघत वाचला की वेगळा कळतो.

आणखी एक. खाली गावात कुणाला गडाविषयी विचारा, तो राजारामाचं नाव घेईलच असं नाही. तो देसिंगु राजाचं नाव घेईल. 1714 मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना कोवळ्या वयात पडलेला हा बुंदेला तरुण, त्याचा घोडा आणि त्याचा मुसलमान मित्र यांच्यावर तमिळ लोकगाथा आहे. आपल्या लोकांना हे ऐकून हिरमुसायला होतं, ते मला खटकतं. कोनार, नायक, विजापूर, मराठे, मोगल, फ्रेंच, इंग्रज, इतक्यांनी हा गड नांदवला. पाहुण्याने यजमानाची गोष्टही ऐकावी.

आता पुन्हा शेतांकडे. हिरवी खाचरं बघायला माझ्या ओळखीची कितीतरी कुटुंबं चेन्नईहून बालीला जातात. जावं, बाली सुंदरच आहे. पण तिथली भातशेती 2012 मध्ये वारसा यादीत गेली ती सुबक या पद्धतीमुळे. शेतकरी देवळाच्या साक्षीने एकत्र बसतात, पाणी वाटून घेतात, पाट राखतात. तमिळनाडूत याच जातीची रीत आहे, कुडिमरामत्तु. गावाने मिळून एरीचा गाळ काढायचा, बांध दुरुस्त करायचा. ती मोडीत निघाली होती. 2017 च्या सुमारास राज्य सरकारने त्याच नावाने योजना आणली. मदुरांतकमजवळच्या वेदांतांगलच्या तळ्यावर गावकरी पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यांना राखतात, फटाकेसुद्धा वाजवत नाहीत, आणि पक्ष्यांच्या विष्ठेने कसदार झालेलं ते पाणी त्यांच्याच शेतांना मिळतं. परतीच्या वाटेवर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तिथे थांबाच.

आता वारशाचा शिक्का बसला म्हणजे हॉटेलं येतील, वाहनतळ येतील, भूखंडांचे फलक लागतील. चेन्नईपासून तिंडिवनमच्या दिशेने ते लागलेच आहेत. तळं बुजलं तर ओरड होते. पण तळ्यात पाणी आणणारा ओढा कुणाच्या कुंपणात गेला, हे चार वर्षं कुणाला कळतसुद्धा नाही. म्हणून जिंजीच्या जतनाचा आराखडा तटाशी थांबू नये. भोवतालच्या एरी, त्यांचे ओढे आणि लाभक्षेत्रातली शेतं त्यात यावीत, आणि राखणीचा पैसा गावांच्या हाती जावा. महाराष्ट्र सरकारने या नामांकनासाठी मेहनत घेतली. त्याच सरकारने तमिळनाडूशी बोलून यात वाटा उचलावा. पायथ्याशी तमिळबरोबर मराठी फलक लावण्याची मागणी आपली मंडळं करतात, तीही योग्यच आहे. त्या निवेदनात तळ्यांचा मुद्दा पहिला असावा.